शेवळांबरोबर काकडं

मे संपत आला की कर्जत स्टेशनाबाहेर ठाकरणी शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. मृगाच्या आगेमागे पंधरा-वीस दिवसांचा मामला. पाऊस नीट लागला की शेवळं गेली. जुडीशेजारी बोराएवढ्या हिरव्या फळांचे वाटे मांडलेले असतात. ती काकडं. शेवळांना खाज असते, काकडांच्या आंबट रसात शिजवली की ती मरते. पहिल्या वर्षी मी गाडीच्या घाईत नुसतीच जुडी उचलून निघाले. रात्री भाजी केली, अंदाजाने चिंचेचा कोळ घातला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घसा खाकरत बसले. पुढच्या वर्षी पुन्हा तीच बाई. मी पैसे पुढे केले तर तिने हात मागे घेतला. "काकडं घे आधी. आन् आतला पिवळा दांडा काढून टाक. नायतर घसा खाजंल आन् मला शिव्या देशील." काकडांचे वेगळे पैसे तिने लावले नाहीत. सांगण्याचेही नाहीत.

या पुस्तकाचं बी तिथे पडलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या, वेगवेगळ्या कामांतल्या, जातीजमातींतल्या, वयांच्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी पुढच्या पानांत आहेत. आम्ही तिघं त्या गोळा करत फिरलो. सुरुवातीचे काही महिने पार वाया गेले, कारण आमचा प्रश्नच चुकीचा होता. "आयुष्यानं तुम्हाला काय शिकवलं?" असं विचारलं की समोरचा माणूस सावरून बसायचा, डोक्यावरची टोपी सारखी करायचा आणि खोटं बोलू नये, दारू वाईट, आईबापाला विसरू नये असं काहीतरी सांगून मोकळा व्हायचा. एका निवृत्त गुरुजींनी तर आम्हाला पंधरा ऑगस्टचं भाषणच दिलं, अगदी 'अध्यक्ष महोदय' धरून. सगळं खरं होतं आणि काही म्हणता काही उपयोगाचं नव्हतं.

वाट दाखवली ती कशेळ्याकडच्या एका अंगणवाडीताईंनी. त्या म्हणाल्या, आयुष्याचं कशाला विचारता, तुमच्या कामात नवीन माणूस कुठं चुकतो ते विचारा. आणि आधी दुसऱ्याच्या चुकीचं विचारा, स्वतःच्या चुकीवर माणूस आपणहून येतो. तसंच झालं. या प्रश्नावर मुकी माणसं बोलती झाली. चहा दोनदा यायला लागला. उठताना कुणीतरी उंबऱ्यापर्यंत येऊन म्हणायचं, थांबा, एक राहिलंच. पुस्तकातलं बरंचसं चांगलं बोलणं त्या उंबऱ्यातलं आहे.

आता हेच दोन तालुके का, असं कुणी विचारेल. मी इथली, हे एक कारण झालं. दुसरं असं की घाटाच्या पायथ्याला सल्ल्याचा धंदा जुना आहे. वर देश, खाली कोकण आणि मध्ये सह्याद्रीचा कडा. चढणाऱ्याला इथे थांबावंच लागतं, आणि थांबलेल्या माणसाला वाट विचारावी लागते. नाना फडणविसांनी खोपोलीला वीरेश्वराचं देऊळ आणि मोठा तलाव बांधला, तो याच थांबणाऱ्यांना उपयोगी पडला. गवर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर गेली. या दोन्हींच्या आधी घाट कुणाला ठाऊक होता? गुरं चारणाऱ्या धनगराला, लाकूड-मध आणणाऱ्या ठाकराला आणि वंजाऱ्यांच्या तांड्यांतल्या बैलांना.

खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढायला लागलं की शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले गाडी हळू करतात, खिडकीतून नाणं भिरकावतात आणि गिअर बदलतात. शिंग्रोबा धनगर होता, असं लोक सांगतात. गोऱ्या इंजिनियरांना घाटात वाट सापडेना, ती याने दाखवली. वाट रस्त्याची की रेल्वेची, यावर दोन पाठ आहेत आणि दोन्ही पाठवाले ठाम आहेत. काम झाल्यावर साहेबाने विचारलं, बक्षीस काय हवं? शिंग्रोबा म्हणाला, आमचा देश आम्हाला परत द्या. साहेबाने त्याला गोळी घातली. यातला इतिहास किती आणि दंतकथा किती, त्यात मी शिरत नाही. मला त्या गोष्टीतली मांडणी महत्त्वाची वाटते. ज्याला वाट माहीत होती त्याला विचारलं गेलं, आणि वाट सांगून झाल्यावर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली तेव्हा ती ऐकून घेतली गेली नाही. पुढच्या पानांतली निम्मी माणसं वेगवेगळ्या शब्दांत हीच तक्रार करतात. रस्ता आखताना विचारतात, ताई, नाला कुठून येतो? आम्ही सांगतो. मग नाल्याचं पाणी आमच्या घरात येतं असं सांगायला गेलं की साहेब मीटिंगमध्ये असतात.

ऐकून घेतल्याचीही एक गोष्ट याच मुलखात आहे, आणि तीही साडेतीनशे वर्षांहून जुनी. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत, आजच्या खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाचं सैन्य कोंडलं. घाट उतरून आलेली फौज, दोन्ही बाजूंना दाट झाडीचे डोंगर, वाट एवढीशी. खानाबरोबर माहूरची रायबागन होती. परमानंदाच्या 'शिवभारता'त येतं की तिने खानाला स्पष्ट सुनावलं आणि शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो मानला, मागितलं ते दिलं आणि जिवानिशी सुटला. आपण या लढाईकडे गनिमी काव्याचा नमुना म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण हरलेल्या बाजूकडे एक बाई होती, तिला परिस्थिती आधी समजली होती, आणि भर अडचणीत एका सेनापतीने तिचं म्हणणं ऐकलं, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

रेल्वेवर आलं की माझं जरा लांबतं, माफ करा. वीस वर्षं कर्जत लोकलने गेलेली बाई आहे मी.

बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट आहे. एवढ्या चढावर लांब गाडी एका इंजिनाच्या ओढीने जात नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात. त्यांना सगळे बँकर म्हणतात. पुढचा ओढतो, मागचे रेटतात. बँकर लागेपर्यंत गाडी थांबते, आणि त्या थांब्याने कर्जतच्या वडापावला नाव मिळवून दिलं. चव वगैरे नंतर. वंदे भारतला बँकर लागत नाही. ते पाहून प्लॅटफॉर्मवरच्या एका विक्रेत्याने जी चिंता बोलून दाखवली ती पुढच्या पानांत आलीच आहे.

बँकरवर आयुष्य काढलेल्या एका निवृत्त ड्रायव्हरांनी सांगितलं की नवा माणूस चुकतो तो जोर लावण्यात नव्हे, जोर काढून घेण्यात. मागच्याने उतावळेपणा केला तर मधले डबे उचलले जातील. ढिला पडला तर पुढच्यावर सगळा भार. आणि मागच्याला पुढचं काही दिसत नाही. पूर्वी शिट्ट्यांवर चालायचं, आता वॉकीटॉकी आली. वर पोचलं की बँकर सुटतो आणि गाडी त्याच्याशिवाय पुण्याला जाते. गाडीतल्या कुणालाही तो माहीत नसतो. हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत होती की मिजास, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उतरण्याचं शास्त्र त्याहून वेगळं. घाट उतरणारी गाडी ठरलेल्या जागी थांबलीच पाहिजे. तिथे मुख्य रुळाला फुटलेली एक आडवाट असते, कॅच साइडिंग, जी उलट चढावर जाते. सांधा एरवी त्या आडवाटेकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, ब्रेक ठीक आहेत हे दिसलं, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. ब्रेक गेले असतील तर गाडी आपोआप चढावर जाऊन थांबावी, ही योजना. म्हणजे बिघाड झालाच आहे असं आधी धरून चालायचं आणि झालेला नाही हे गाडीने दाखवून द्यायचं. आमच्याबरोबरच्या एका तरुण डॉक्टरांनी हे ऐकलं आणि ते म्हणाले, खोपोलीला अपघाताचा पेशंट आला की आम्ही अगदी हेच करतो. मान मोडलेली आहे असंच धरून त्याला उचलायचं. द्रुतगती महामार्गावर आणि जुन्या घाटात अपघात झाला की धावून जाणारी जी खोपोलीची मंडळी आहेत, त्यांनाही पहिला धडा तोच देतात. ओढून बाहेर काढण्याची घाई करू नका. सिग्नलमन आणि स्ट्रेचर धरणारा एकच गोष्ट सांगतात आणि दोघांची कधी भेट झालेली नाही. अशा जोड्या जुळल्या की आम्ही पोरांसारखे खूश व्हायचो.

या घाटातल्या रेल्वेच्या बांधकामात हजारो मजूर मेले. पटकी, ताप, सुरुंग, दरड. त्यांच्या मुखातलं एक वाक्यही कुठे नोंदलेलं नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत मेला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, कंत्राट हाती ठेवून काम पुरं करवून घेतलं. तिचं नाव आपल्याला माहीत आहे, तिचे फोटोही आहेत. पाटी वाहणाऱ्या बाईचं नाव नाही. या पुस्तकात आम्ही कुणाचंच नाव दिलेलं नाही, आणि त्यावरून आमच्यात भांडणही झालं. एकाचं म्हणणं होतं, ज्यांचं नाव कधीच छापून आलं नाही त्यांचं निदान इथे तरी यावं. पण बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतःच सांगितलं, नाव नको. मुकादम वाचेल, सून वाचेल, बँकेचा माणूस वाचेल. मी त्यांच्या बाजूने मत दिलं. ज्याच्याशी वाद झाला तो मित्र अजून मला पूर्णपणे माफ करायला तयार नाही.

घाटाने माणसं चढवली तसं पाणी उतरवलं. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरीचं. लोणावळ्याकडच्या तलावांतलं पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून नळांतून खाली येतं, चाकं फिरवतं, आणि काम झालं की नदीला मिळतं. खोपोलीचं पाताळगंगेला, भिवपुरीचं पेजेला. वीज मुंबईला गेली. वापरून झालेलं पाणी इथे राहिलं. राजनाला कालव्याखालच्या गावांत त्या पाण्यावर उन्हाळी भात होतो. एप्रिलमध्ये सगळा रायगड तांबडा पडलेला असताना ही शेतं हिरवी दिसतात. तिथल्या एका शेतकरीण आजींचा सल्ला ऐका: दुसऱ्याचं वापरून उरलेलं म्हणून पाण्याला नाक मुरडू नये, पण ते दुसऱ्याच्या हातात आहे हे विसरूही नये. कालवा दुरुस्तीला बंद ठेवला त्या वर्षी त्यांनी हे गिरवलं.

भाताच्या प्रकरणात वाचकाचा गोंधळ उडेल, आमचाही उडाला. कारण इथे दोन माणसं बरोब्बर उलट गोष्टी सांगतात आणि दोघांची शेतं चांगली पिकतात. पहिले आजोबा राबवाले. फांद्या, पालापाचोळा, शेण, माती असे थर रचून उन्हाळ्यात दाढीची जमीन भाजायची, त्यावर बी पेरायचं, रोपं झाली की चिखल करून आवण लावायचं. राब न भाजता रोप टाकलं तर तणच उगवेल, असं ते शपथेवर सांगतात. दुसरा तरुण नांगराला हातच लावत नाही. नेरळजवळच्या मालेगावचे चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत शिकून परत आले, सगुणा बाग उभी केली, आणि त्यांनी भाताची जी पद्धत बसवली ती आज सगुणा राइस टेक्निक, एसआरटी, म्हणून महाराष्ट्रभर गेली आहे. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं; नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. लावणीत कंबर मोडलेल्या बायांना यातलं तिसरं 'नाही' सगळ्यांत आवडलं. तण मारायला मात्र तणनाशक फवारावं लागतं, आणि बांधावरची कुर्डू-टाकळ्याची भाजी खुडणाऱ्या बाईचा त्यावर आक्षेप आहे. तिचंही ऐकावं लागेल. कर्जतला शंभर वर्षांहून जुनं भात संशोधन केंद्र आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. कर्जत-३, कर्जत-१८४ ही वाणं तिथलीच. तिथे काम केलेले एक गृहस्थ म्हणाले, शेतकऱ्याला सल्ला देताना आधी त्याच्या शेतात पाणी किती दिवस उभं राहतं ते विचारावं, मग तोंड उघडावं. राबवाले आजोबा आणि साचावाला तरुण यांची शेतं मी मुद्दाम जाऊन पाहिली. एकाचं खाचर खोलगट, पाणी धरणारं. दुसऱ्याचं उताराला.

काही सल्ले पिढ्या बदलल्या तरी पुन्हा पुन्हा वर येतात. वीर भाई कोतवाल, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानच्या नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मले, वकील झाले, माथेरान नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्याआधीचं काम कमी माहीत आहे. पावसाळ्यात कोठीतलं धान्य संपलं की शेतकरी सावकाराकडे जायचा आणि सुगीला सवाई-दिढीने फेडायचा. कोतवालांनी गावोगाव धान्यकोठारं काढली, म्हणजे आषाढात आपलंच भात आपल्यालाच उसनं मिळावं. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यबँका उभ्या केल्या, त्यामागे हेच होतं. आज तोच सल्ला बचतगटातल्या बाया देतात, फक्त भाताच्या जागी रुपये आले. एकीने सांगितलं, गटात पहिला नियम असा की ज्या बाईला कर्ज नको आहे तिला आधी विचारायचं, दुसरीला द्यावं का.

कातकरी माणसांचं बोलणं या पुस्तकात कमी आहे. ही आमची उणीव, आणि तिला कारण आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. कात गेला, जंगल गेलं, राहिली ती मजुरी. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. आम्ही हिंडलो ते हिवाळ्या-उन्हाळ्यात, आमच्या सोयीच्या दिवसांत. त्या वाड्यांवर तेव्हा म्हातारी माणसं आणि कुलपं. जे भेटले त्यांच्यापैकी एकाने कडू कंदाची रीत सांगितली: चकत्या करायच्या, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या, मग उकडायच्या. उभ्या पाण्यात ठेवल्या तर कडू उतरत नाही. आणि उचलीबद्दल विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. शेवटी म्हणाला, किती घेतली ते आपल्यालाबी लिहून ठिवाया पायजे. त्याला लिहिता येत नव्हतं. मुलगी सातवीत होती, तिच्याकडून तो वहीत लिहवून घेतो.

जमिनीचं मी थोडक्यात आटपते, कारण त्यावर सगळेच बोलतात. फार्महाऊसं आली, एजंट आले, एकरात बोलणारा मुलूख गुंठ्यात बोलायला लागला. रसायनीकडच्या माणसाने सांगितलं की आधी जमीन गेली आणि नोकरी मिळाली, मग कंपनीच बंद पडली. विकू नका, असं विकलेला प्रत्येक माणूस सांगतो. न विकलेले काही सांगत नाहीत. ते भाव विचारतात.

याच जमिनींवरच्या रिसॉर्टांत मुंबईच्या कंपन्या शिबिरं भरवतात. नेतृत्व, यश, मनःशांती. पडद्यावर चित्रं, गळ्यात पट्टे, दोराला धरून ओढा पार करण्याचे खेळ. अशा एका शिबिराच्या जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या बाईने मला हळूच विचारलं होतं, "ताई, ही एवढी शिकलेली माणसं, यांना रोज कोण ना कोण येऊन कसं जगायचं ते सांगतं, मग यांचं चालतं कसं?" मला हसू आलं, आणि मग जरा विचारात पडले; शेवटी मीसुद्धा सल्ल्यांचंच पुस्तक करत होते. शिबिरातलं सगळं फोल असतं असं मी म्हणणार नाही. पण तिथला सल्ला कुठेही चालावा म्हणून केलेला असतो. शेवळंवालीचा सल्ला शेवळांपुरताच आहे, आणि तो चुकला तर पुढच्या वर्षी तिच्यासमोर कुणी उभं राहणार नाही. चौक-कर्जत रस्त्यावरच्या नितीन देसाईंनी काढलेल्या एन. डी. स्टुडिओत सेट उभारलेल्या सुताराने त्याच्या उलट टोकाचं सांगितलं, तेही आम्ही घेतलं: कॅमेरा बघणार तेवढीच भिंत रंगवायची, मागची बाजू बघायला कुणी येत नाही. त्याच्या कामात ते अगदी खरं आहे. घर बांधणाऱ्या गवंड्याने ते पान वाचून डोक्याला हात लावला.

इरसालवाडीबद्दल लिहावं की नाही, यावर आम्ही बरेच दिवस घातले. १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यात, इरसालगडाच्या पायथ्याच्या या ठाकरवाडीवर दरड आली. वस्ती २२८ माणसांची. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता. २३ जुलैला शोध थांबवला. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर जाईनात, माणसांनी चिखलातून चढून हातांनी आणि फावड्यांनी उकरलं. चढता चढताच नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. दरडीच्या धोक्याच्या गावांची सरकारी यादी असते. तिच्यात इरसालवाडीचं नाव नव्हतं.

त्यानंतर आजूबाजूच्या वाड्यांवर आम्ही गेलो तेव्हा प्रश्न विचारायची आमची हिंमत झाली नाही. लोकच बोलले. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, किंवा भर पावसात अचानक कमी झालं, तर घर सोडायचं. झाडं एका बाजूला कलायला लागली तर सोडायचं. जमिनीला चीर गेली आणि ती रोज बोटभर वाढत असली तर सोडायचं. हे सांगणारी माणसं भूगर्भशास्त्र शिकलेली नाहीत, पण दरडींचा अभ्यास करणारेही याच खुणा सांगतात. सगळं सांगून झाल्यावर एक मध्यमवयीन बाई म्हणाली, सोडून जायचं कुठं, ते कोण सांगल? तिचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं आहे, खाली टीप नाही, उत्तर नाही. वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे चौकजवळ नवीन घरं झाली. ही बाई ज्या वाडीतली होती ती वाडी अजून डोंगरावरच आहे.

पुस्तकाची रचना विषयवार केलेली नाही. 'कष्ट', 'नाती', 'पैसा' असे विभाग पाडून पाहिले होते. माणसं त्यात मावेनात. बँकरचे ड्रायव्हर कुठल्या विभागात टाकायचे? म्हणून आम्ही लोकलची वाट धरली. नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. मध्ये आडगावांकडे उतरायचं, पुन्हा येऊन गाडी पकडायची. खोपोलीच्या गाड्या कमी, एक चुकली की ताटकळत बसावं लागतं, आणि त्या ताटकळण्यातही आम्हाला माणसं मिळाली. खोपोलीहून पुढे चावणीकडे आणि तिथून वळून चौककडे शेवट. कुणी मधूनच कुठूनही वाचायला हरकत नाही.

भाषा जशी कानावर पडली तशी ठेवायचा प्रयत्न केला. आगरी, ठाकरी, कातकरी, नेरळ-दामतकडच्या मुसलमान घरांतली बोली, घाटावरून आलेल्या बिगाऱ्यांची मराठी, सगळं एका पुस्तकात. एक-दोघांनी सुचवलं, शुद्ध करून घ्या, मुलं वाचतील. नाही केलं. मुलं 'खाजंल' वाचून बिघडत नाहीत.

छापायला जाण्याआधी सगळ्यांना आपापलं पान वाचून दाखवलं. बहुतेकांनी एखादा शब्द बदलला. दोघांनी पान काढून टाकायला सांगितलं, काढलं. शेवळंवालीला गाठायला मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं. तिला मी स्टेशनाबाहेर, तिच्या टोपलीशेजारी बसून, तिचं बोलणं वाचून दाखवलं. मधूनमधून गिऱ्हाइकं येत होती, ती उठत होती, पुन्हा बसत होती. संपल्यावर तिने विचारलं, काकडांचं काय करायचं ते लिवलंस का? लिहिलं होतं की बरोबर घ्यायची. ती म्हणाली, निसती घेऊन काय व्हनार? ठेचून पाण्यात उकळायची, ते पाणी गाळून घ्यायचं, बी भाजीत जाऊ द्यायचं नाय. तिच्या पानात हे राहून गेलं होतं आणि पानं तोवर लागली होती. म्हणून इथे लिहिलं.